खिळा, गोंद आणि स्क्रू

बंद पडलेल्या इमारतीचे कुलूप उघडले की सर्वांत आधी गाठतो तो वास. पुष्कळांना तो ओलीचा, कबुतरांचा किंवा नुसताच जुनेपणाचा वास वाटतो, आणि सुरुवातीची काही वर्षे मलाही तसेच वाटत असे. मग एका वयस्कर प्लंबरने, नाकाला रुमालही न लावता, मला त्याचे खरे कारण दाखवले. मोरीच्या जाळीखाली आणि बेसिनच्या खाली जो वाकडा पाइप असतो, त्याच्या बाकात थोडेसे पाणी कायम साचून राहते आणि गटारातला वायू आत येऊ न देण्याचे काम तेवढे पाणीच करते. इमारत वापरात असते तोवर ते पाणी रोज बदलत राहते. माणसे निघून गेली की काही आठवड्यांत ते उडून जाते आणि गटाराला आत यायला वाट मोकळी होते. त्याने प्रत्येक जाळीत अर्धी-अर्धी बादली पाणी ओतले, दोन खिडक्या उघडल्या आणि बाहेर जाऊन बसला. तासाभराने आम्ही पुन्हा आत गेलो तेव्हा ती जागा मोजमाप घेण्याजोगी झाली होती. तेव्हापासून मोजपट्टी आणि बॅटरीबरोबर एक बादलीही मी घेऊन जातो.

मी इमारतींच्या अंतर्गत रचनेचे काम करतो. ‘सजावट’ हा शब्द मला कधीच पटला नाही, पण त्याच्याइतका रुळलेला दुसरा शब्द नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत माझ्या वाट्याला कोऱ्या इमारती कमी आणि कुणीतरी सोडून गेलेल्या जास्त आल्या: बंद झालेला छापखाना, बँकेने रिकामा केलेला हॉल, एक गोदाम, भाडेकरू न मिळालेले ऑफिसचे दोन मजले. अशा जागेत पहिल्या दिवशी मी कागदावर एकही रेघ ओढत नाही. टाळी वाजवून ती किती वेळ घुमते ते ऐकतो, दुपारी ऊन आत कुठवर येते ते खडूने जमिनीवर आखून ठेवतो आणि आधीच्या वापराच्या खुणा शोधतो.

त्यांपैकी छापखाना अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तळमजल्यावरची यंत्रे भंगारात गेली होती, पण ती जिथे उभी होती तिथले काँक्रीटचे चौथरे तसेच होते आणि प्रत्येक चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांतून अंगठ्याएवढे जाड बोल्ट वर आलेले होते. चौथऱ्यांभोवतीची जमीन शाई आणि तेल मुरून काळी पडलेली होती. आणि त्या काळ्या जमिनीत, यंत्रावर काम करणारा माणूस जिथे उभा राहत असेल तिथे, दोन पावले मावतील एवढा भाग घासून गुळगुळीत आणि फिकट झाला होता. सहा चौथरे आणि सहा फिकट जागा. वरच्या मजल्यावर कागदाची रिमे रचून ठेवत असत. मालकाने ही जागा पाच वर्षांच्या करारावर देऊ केली होती: दिवसा वाचनालय, दुपारी मुलांच्या कार्यशाळा आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी. पाच वर्षांनंतर तिथे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि खरे तर त्या न ठाऊक असण्यानेच आमच्या कामाची दिशा ठरवली.

वाचनालय वर की खाली, हा पहिला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर इमारतीनेच दिले. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब करताना एका चौरस मीटरवर साधारण 200 किलो भार धरतात. पुस्तकांची कपाटे दाटीने लावायची असतील तर तोच आकडा 600 किलोच्या पुढे जातो. म्हणूनच एखाद्या रिकाम्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर वाचनालय थाटण्याची कल्पना कागदावर कितीही गोड वाटली तरी इंजिनिअर ती खोडून टाकतो. छापखान्याचा वरचा मजला मात्र कित्येक वर्षे रिमांचा भार पेलत आला होता, आणि कागद कोरा असो वा छापलेला, तुळईला त्याचे काही नसते. इंजिनिअरने तरीही तुळया आणि कॉलम तपासले, दोन ठिकाणी गिलावा काढून सळ्यांचा गंज पाहिला आणि मग होकार दिला. मागच्या वापराला आणि पुढच्या वापराला जोडणारा असा एखादा धागा सापडला की निम्मे काम झाले असे मी समजतो. तो न शोधता आपल्या डोक्यातले चित्र जागेवर लादले की पुढची सगळी वर्षे त्या जागेशी भांडण्यात जातात.

ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी ऑफिसच्या इमारतींचा विचार करताना एक विभागणी मांडली होती, जी मला या कामात इतर कुठल्याही तत्त्वापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. त्यांच्या मते इमारत ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या आयुष्याच्या थरांची रचना असते. सांगाडा आणि बाहेरचे कवच साधारण 50 वर्षे टिकते. वायरिंग, पाइप, लिफ्ट, वातानुकूलन यांसारख्या सेवा 15 वर्षांत जुन्या होतात. पार्टिशन आणि सीलिंग 5 ते 7 वर्षांत बदलले जाते. आणि टेबल-खुर्च्या तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागा बदलत राहतात. हे वाचताना फारसे नवे वाटत नाही, पण एखाद्या रिकाम्या इमारतीत उभे राहून पाहिले की लक्षात येते की तिथली बहुतेक दुखणी थर एकमेकांत अडकल्याची असतात. पंधरा वर्षे चालणारा पाइप पन्नास वर्षांच्या स्लॅबमध्ये गाडलेला असतो, म्हणून पाइप गंजला की स्लॅब फोडावा लागतो. सात वर्षांच्या पार्टिशनमधून वायरींचे जाळे गेलेले असते, म्हणून एक भिंत हलवायची तर अख्खा मजला अंधारात जातो. जागा कंटाळून बदलावी असे वाटते, पण हात लावावा तिथे काहीतरी तुटते, आणि मग मालक ‘पाडूनच टाकू’ या निष्कर्षाला येतो.

मी स्वतः हा गुन्हा केलेला आहे, आणि तोही कळत्या वयात. बँकेच्या त्या हॉलमध्ये मोझाइकची जमीन होती. पितळी पट्ट्यांनी आखलेले मोठे चौकोन, त्यांत संगमरवराच्या बारीक चिपा, कोपऱ्याकोपऱ्यांत काळसर किनार. जागा घेणाऱ्या मंडळींना ‘उबदार’ जमीन हवी होती आणि पायांचा आवाज नको होता. मी लाकडी फळ्या सुचवल्या आणि त्या मोझाइकवर सरळ गोंदाने चिकटवून टाकल्या, कारण चिकटवलेली फळी चालताना पोकळ वाजत नाही. काम सुरेख दिसले, फोटोही काढले. चार वर्षांनी ती मंडळी जागा सोडून गेली. नव्याने येणाऱ्यांनी जिन्याखाली उघडी राहिलेली हातभर मोझाइक पाहिली आणि आम्हाला हीच जमीन सगळीकडे हवी आहे, असे सांगितले. फळ्या उपटायला मीच उभा होतो. प्रत्येक फळीबरोबर मोझाइकचा वरचा थर सोलून निघत होता, चिपा सुटून फळीच्या पाठीला चिकटून येत होत्या आणि पितळी पट्ट्या ठिकठिकाणी वाकल्या होत्या. मजुरांपैकी एकाने अशी फळी उलटी करून मला दाखवली. तिच्या पाठीवर त्या जमिनीचा ठसा चित्रासारखा उमटला होता. अनेक दशके हजारो पावलांनी जे बिघडवले नव्हते ते मी चार वर्षांच्या हौसेसाठी बिघडवले होते. खाली फोमचा पातळ थर घालून फळ्या एकमेकींत अडकवून नुसत्या ठेवल्या असत्या तर थोडा पोकळ आवाज आला असता, एवढेच.

त्या दिवसापासून कुठल्याही आराखड्यासमोर बसले की मी एकच प्रश्न विचारतो: हे काढायचे कसे? आमच्या धंद्यात दोन वस्तू जोडण्याचे मार्ग तसे मोजकेच आहेत. स्क्रू फिरवून बसतो तसा फिरवून निघतो आणि तीच फळी दुसऱ्या जागी पुन्हा लावता येते. खिळा निघतो, पण जाताना लाकूड फाडून जातो. गोंद निघतच नाही. तो दोन वस्तूंची एक वस्तू करतो आणि त्या दोघींना एकत्रच मरावे लागते. सुताराला गोंद प्रिय असतो, कारण त्याने काम लवकर होते आणि सांधा दिसत नाही. गिऱ्हाइकालाही तो प्रिय असतो, कारण स्क्रूची डोकी दिसली की त्याला काम अपुरे वाटते. माझे निम्मे भांडण या दोघांशी असते. ओल्या जागी, स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला, पाणी झिरपू नये अशा सांध्यांत गोंदाला पर्याय नाही हेही मान्य करायला हवे. पण कोरड्या खोलीतल्या कपाटाला आणि पार्टिशनला तो बहुतेक वेळा नुसत्या आळसापोटी लावलेला असतो.

रिकाम्या वास्तूत पाहुण्यासारखे कसे राहावे याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात आहे. तिथे डॉमिनिकन पंथाचे तेराव्या शतकातले चर्च आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यातली उपासना थांबली आणि पुढे त्याने नाना उपयोग पाहिले; अगदी अलीकडच्या काळात तिथे लोक सायकली ठेवत असत. 2006 साली तिथे पुस्तकांचे दुकान उघडले. दुकानाला हवी होती साधारण बाराशे चौरस मीटर जागा आणि चर्चची जमीन भरत होती साडेसातशे. सरळ उपाय म्हणजे मधे एक मजला घालणे; पण तसे केले असते तर छताच्या कमानींपर्यंत जाणारी ती उंची, म्हणजे त्या वास्तूचा सगळा प्राणच, आडवा कापला गेला असता. मर्क्स आणि गिरोड या वास्तुविशारदांनी तसे केले नाही. त्यांनी चर्चच्या एका बाजूला काळ्या पोलादाचे, जिने असलेले एक अवाढव्य कपाट उभे केले, ज्यात माणसे मजल्यामागून मजला चढत पुस्तके पाहत वर जातात. दुसरी बाजू पूर्ण रिकामी आणि उंच राहिली. ते कपाट स्वतःच्या पायांवर उभे आहे. दगडी खांबांच्या मधून आणि बाजूने ते जाते, पण खांबांवर भार टाकत नाही. उद्या ते सुटे करून नेले तर चर्च होते तसे मागे राहील. शिवाय वर चढलेल्या माणसाला छतावरची जुनी चित्रे आता इतक्या जवळून दिसतात, जितकी ती खाली बसणाऱ्या भाविकांना कधीच दिसली नसतील.

पॅरिसचे ओर्से संग्रहालय याहून प्रसिद्ध आहे: 1900 साली बांधलेले रेल्वे स्थानक, लांबलेल्या गाड्यांना फलाट अपुरे पडल्याने 1939 पर्यंत बाजूला पडलेले आणि 1986 साली संग्रहालय झालेले. वास्तुविशारद गाए औलेंती यांनी त्याच्या पोटात दगडी चौथऱ्यांचे आणि दालनांचे जणू एक छोटे शहरच वसवले. ते भव्य आहे, पण मला थोडे जड वाटते. स्थानकाच्या हवेशीर काचछताखाली ती दालने नको तितकी कायमची होऊन बसली आहेत. त्यापेक्षा ब्राझीलमध्ये साओ पावलोला वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी केलेले काम माझ्या मनाला जास्त भिडते. पत्र्याची पिंपे बनवण्याचा एक जुना कारखाना पाडून तिथे क्रीडा आणि संस्कृती केंद्र उभारण्याचे ठरले होते. बो बार्दी ती जागा पाहायला गेल्या तेव्हा सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारची मुले तिथे खेळताना आणि घरची मंडळी जमलेली त्यांना दिसली. म्हणजे त्या जागेला नवा उपयोग आधीच मिळालेला होता. फक्त कुणी त्याला नाव दिले नव्हते. त्यांनी शेड ठेवल्या, भिंतींचा गिलावा काढून खालची विटांची आणि काँक्रीटची बांधणी मोकळी केली, आत वाचनासाठी काँक्रीटचे ठेंगणे मजले उभे केले आणि विस्तीर्ण जमिनीतून नदीसारखा वळत जाणारा पाण्याचा एक उथळ पट्टा काढला. 1982 साली ते केंद्र उघडले. त्यात खोल्या जवळजवळ नाहीतच. एवढ्या मोठ्या जागेत कुणी कुठे बसावे हे त्यांनी ठरवून दिले नाही, आणि हे न ठरवणे अतिशय अवघड असते, हे ज्याने आराखडे काढले आहेत त्यालाच कळेल.

सगळ्या रिकाम्या इमारती अशा भाग्यवान नसतात. सध्या जगभर ज्यांची चर्चा आहे त्या ऑफिसच्या इमारतींपुढे चर्च आणि कारखाने सोपे म्हणावे लागतील. ऑफिस बंद झाले, घरांची टंचाई आहे, तर ऑफिसची घरे करा, हे ऐकायला सरळ वाटते. माझ्याकडे असे दोन मजले आले होते आणि त्यांतल्या एकाने मला चांगलेच हरवले. आमच्यात एक ठोकताळा आहे: खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत दिवसाचा उपयोगी उजेड पोहोचतो. काठ अडीच मीटरवर असेल तर उजेड सहा मीटरच्या आसपास थांबतो. जुन्या काळी दिव्यांचा भरवसा नव्हता, म्हणून इमारती अरुंद बांधत. पुढे ट्यूबलाइट आणि वातानुकूलन आले आणि ऑफिसचा मजला पंचवीस-तीस मीटर रुंद पसरला. त्याच्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा मीटर सोडले की मधला सगळा भाग कायमच्या संध्याकाळीत बुडालेला असतो. तिथे कुणाचे शयनगृह काढणार?

पाण्याचे दुखणे तर याहून हट्टी. ऑफिसमध्ये संडास-मोऱ्या मधोमध, लिफ्टच्या शेजारी एकाच ठिकाणी असतात आणि सांडपाण्याचे उभे पाइपही तिथेच असतात. घरे करायची म्हणजे प्रत्येक घराला न्हाणीघर हवे आणि सांडपाण्याला उतार हवा. चाळीसाला एक असा उतार धरला तर चार मीटर अंतरावर दहा सेंटीमीटरचा फरक पडतो; त्यात पाइपची जाडी मिळवली की न्हाणीघराची जमीन वीत-सव्वा वीत उचलावी लागते. ऑफिसच्या मजल्याची उंची बरी असते म्हणून हे जमून जाते, पण न्हाणीघर उभ्या पाइपापासून जितके दूर नेऊ तितकी पायरी वाढत जाते. त्या मजल्यावर आम्ही अखेर घरांचा हट्ट सोडला. मधल्या काळोख्या पट्ट्यात सामान ठेवण्याच्या खोल्या, ध्वनिमुद्रणाची एक खोली आणि फोटोग्राफरांचा स्टुडिओ गेला, म्हणजे ज्यांना बाहेरचा उजेड नकोच असतो असे सगळे. आणि खिडक्यांच्या कडेने लहान कारागिरांना बाके दिली. इमारतीच्या मधोमध स्लॅब कापून उजेडाचा चौक काढणे हा उपाय इतरांनी केलेला आहे आणि तो उत्तम आहे, पण त्याला जो खर्च आणि जे धाडस लागते ते पाच वर्षांच्या भाडेकरूकडे नसते.

आवाजाचे मात्र तसे नाही. तिथे स्वस्तात पुष्कळ काही करता येते. याची एक गोष्ट मला फार आवडते. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि तिथे वक्त्याचा एकही शब्द धड ऐकू येईना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला त्यावर उपाय शोधायला सांगितले. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या हळूहळू वाढवत मांडायच्या आणि ऑर्गनची नळी वाजवून तिचा घुमारा किती सेकंदांत विरतो ते घड्याळ लावून मोजायचे, असा सपाटा लावला. रिकाम्या खोलीत तो घुमारा साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. गाद्या वाढत गेल्या तसा तो कमी होत गेला. उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवाव्या लागत, कारण नाट्यगृहाला त्या हव्या असत. वास्तुध्वनिशास्त्राचे मूळ सूत्र या उसन्या गाद्यांतून निघाले. छापखान्याच्या तळमजल्यावर आम्ही तेच केले, फक्त सूत्र तयार असल्याने रात्री जागाव्या लागल्या नाहीत. जाड कापडाचे दुहेरी पडदे, छताला टांगलेल्या लोकरी चवाळ्या आणि पाठ भिंतीला असलेली पुस्तकांची उघडी कपाटे एवढ्यावर तालमीतले संवाद स्वच्छ ऐकू येऊ लागले. पडदे बाजूला सारले की तीच जागा पुन्हा घुमू लागते, आणि गाणाऱ्या मंडळींना ती तशीच हवी असे.

पडद्याबद्दल मी थोडा पक्षपाती आहे, हे कबूल करतो. बदलत्या मांडणीच्या नावाखाली बाजारात जे विकले जाते त्यातले निम्मे मला खेळण्यासारखे वाटते: भिंतीत दुमडणारे पलंग, छताकडे जाणारी टेबले, बटण दाबून सरकणाऱ्या भिंती. पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवण्यासाठी त्या सरकतात आणि मग कायमच्या एका जागी थांबतात. माझा अनुभव असा की जी वस्तू हलवायला एका माणसाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो ती रोज हलत नाही. याला अपवाद म्हणून लोक नेहमी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या 1924 मधल्या श्र्योडर घराचे नाव घेतात, जिथे वरचा मजला दिवसा एकसंध असे आणि रात्री सरकत्या पार्टिशनांनी त्याच्या खोल्या होत. पण घराच्या मालकीण ट्रुस श्र्योडर यांनी वास्तुविशारद रीटफेल्ट यांच्याबरोबर बसून ते घर स्वतःसाठी आणि आपल्या तीन मुलांसाठी रचले होते, आणि त्या 1985 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. जिला रोज भिंती सरकवायच्या होत्या तिनेच त्या मागितल्या होत्या. कुणी न मागितलेल्या सरकत्या भिंतीची गोष्ट वेगळी असते. दिवसाकाठी बदलणारे आणि पाच वर्षांनी बदलणारे यांत गल्लत झाली की पैसा भलतीकडे जातो. पहिल्यासाठी पडदा, चाके आणि बिजागरी पुरेशी असते, दुसऱ्यासाठी चांगला स्क्रू.

जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांचे काम मला या दृष्टीने फार मोठे वाटते. 2011 मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा हजारो माणसे शाळांच्या व्यायामशाळांत उघड्यावर, एकमेकांच्या नजरेसमोर दिवस काढत होती. बान यांनी कागदी नळ्यांचे सांगाडे उभे करून त्यांना कापडाचे पडदे लावले आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा चौकोन मिळवून दिला. व्यायामशाळेच्या जमिनीला एक खिळासुद्धा लागला नाही. पडदा उघडला की कुटुंब इतरांत, लावला की आपल्यापुरते. माणसाला आडोसा हवा असतो तेव्हा त्याला भिंतच लागते असे नाही, हे इतक्या कमी वस्तूंत सिद्ध झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

माझ्या या काढता येण्याच्या वेडाला एक सणसणीत उत्तरही आहे. केप टाउनच्या बंदरात 1920 च्या दशकात बांधलेले धान्याचे काँक्रीटचे सायलो, म्हणजे उंच कोठार, होते. उंच, एकमेकांना चिकटलेल्या 42 नळ्या, ज्यांत माणसांनी जमावे असे मोकळे दालन नव्हतेच. ब्रिटिश रचनाकार थॉमस हेदरविक यांच्या कचेरीने त्या नळ्यांच्या पोटातून, मक्याच्या एका दाण्याचा आकार वाढवून घेऊन, एक मोठी पोकळी कापून काढली आणि 2017 मध्ये तिथे आफ्रिकी समकालीन कलेचे झाईट्झ संग्रहालय उघडले. कापलेले काँक्रीट परत जोडता येत नाही. माझ्या नियमाने हे चूकच. आणि तरीही त्या कापलेल्या नळ्यांच्या कडांची छायाचित्रे पाहताना मी माझा नियम मुकाट्याने गुंडाळून ठेवतो, कारण न कापता त्या सायलोचा उपयोग धान्य भरण्याखेरीज काहीच नव्हता. फक्त असे धाडस करणाऱ्याला तितके वर्षांनुवर्षांचे आश्वासनही लागते. पाच वर्षांच्या करारावर करवत चालवू नये.

काढता येण्याजोगे बांधण्यामागे केवळ माझी अपराधी भावना आहे असेही नाही. जगातल्या ऊर्जेशी निगडित कार्बन उत्सर्जनापैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा इमारती आणि बांधकामाचा धरला जातो. उभ्या इमारतीच्या सिमेंटचा आणि पोलादाचा धूर कधीच हवेत गेलेला असतो. ती पाडून नवी बांधणे म्हणजे तो पुन्हा सोडणे. हे आता सगळेच बोलतात. पण सांगाडा वाचवला आणि आतले सगळे दर पाच वर्षांनी फोडून डबरात पाठवले, तर वाचवलेल्यातले बरेच हातचे जाते, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

छापखान्यात आम्ही यंत्रांच्या बोल्टांनाच पोलादी चौकटी जोडल्या. चौथरे तालमीच्या वेळी बसायला झाले, चौकटींना पडदे आणि दिवे लागले आणि जमिनीत एकही नवे भोक पाडावे लागले नाही. वायरी भिंती न खोदता उघड्या लोखंडी पाइपांतून नेल्या, हाताला लागतील अशा उंचीवर, कारण पुढच्या माणसाला त्या कुठून गेल्या आहेत ते शोधावे लागू नये. वरची कपाटे सुट्या फळ्यांची होती आणि प्रत्येक फळीच्या पाठीवर सुताराने शिसपेन्सिलीने तिचा क्रमांक टाकला होता. ते मी सांगितले नव्हते. त्याने ते स्वतःहून केले. एका गोष्टीत मात्र माझे चुकले: शाईने काळी झालेली जमीन मी घासून स्वच्छ करायला सांगणार होतो, पण मुलांच्या पहिल्याच कार्यशाळेत ती मुले त्या सहा फिकट जागांवर जाऊन उभी राहिली आणि इथे कोण उभे राहत होते असे विचारू लागली. जमीन तशीच राहिली.

करार पाच वर्षांचा होता, चालला सात वर्षे. मग मालकाने जागा परत मागितली आणि सगळे आवरायची वेळ आली. आवरायला तीन दिवस लागले. फळ्यांचे क्रमांक पाठीवर तसेच होते. त्याच क्रमाने त्या गाडीत चढल्या आणि दुसऱ्या एका वाचनालयात त्याच क्रमाने उतरल्या. बरणीभर स्क्रू निघाले, त्यांतले दहा-बारा गंजलेले. चवाळ्या तालमीवाल्यांनी नेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जागा पुन्हा मोकळी झाली. मी टाळी वाजवली आणि ती पहिल्या दिवसाइतकीच घुमली. बोल्टांना मी ग्रीस लावून घेतले.

आता ही इमारत किती दिवस बंद राहील हे मालकालाही सांगता येत नव्हते. निघण्यापूर्वी बादली भरली, प्रत्येक मोरीच्या आणि बेसिनच्या जाळीत पाणी ओतले आणि त्यावर चमचा-चमचा तेल सोडले. तेलाचा तवंग असला की खालचे पाणी लवकर उडत नाही. हेही त्या प्लंबरनेच शिकवले होते.